डिपेंडंट केअर एफएसए: पाळणाघराचा खर्च, दोघांचे पगार आणि २०२६ची नवी मर्यादा

शर्वरी | ४ नोव्हेंबर २०२५

दिवाळी आटोपली की अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांत ओपन एनरोलमेंट सुरू होतं. दोन-तीन आठवड्यांत पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा, दातांचा विमा, डोळ्यांचा विमा सगळं निवडायचं असतं. त्या गर्दीत कुठेतरी खाली एक ओळ असते, डिपेंडंट केअर फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजेच एफएसए. माझ्या ओळखीतली कितीतरी घरं ती ओळ न वाचताच पुढे जातात. यंदा तसं करू नका, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी हे खातं म्हणजे काय ते सांगते. येत्या वर्षासाठी तुम्ही एक आकडा ठरवता. तो दर पगारातून थोडा थोडा कापला जातो. कापलेल्या पैशांवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही लागत नाहीत. पाळणाघराची पावती पाठवली की तेच पैसे तुमच्या बँक खात्यात परत येतात. म्हणजे जो खर्च तुम्ही एरवीही करणारच होतात, तो कर न भरलेल्या पैशातून होतो.

मर्यादा १९८६च्या कायद्यापासून एका कुटुंबाला वर्षाला ५,००० डॉलरवर अडकून पडली होती. कोविडच्या काळात, २०२१ या एका वर्षापुरती ती १०,५०० झाली आणि पुन्हा खाली आली. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून ती ७,५०० केली आहे. नवरा-बायको वेगवेगळे रिटर्न भरत असतील तर प्रत्येकी ३,७५०. महागाईबरोबर हा आकडा आपोआप वाढणार नाही, तेव्हा आहे त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

इन्कम टॅक्सच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या कुटुंबाचं उदाहरण घ्या. ७,५०० वर इन्कम टॅक्स वाचला १,६५० डॉलर आणि ७.६५ टक्क्यांचे साधारण ५७४. एकूण २,२२४ डॉलर. बऱ्याच राज्यांत राज्याचा करही वाचतो, तो वेगळा. पाळणाघराचा एखाद-दुसरा महिना यातून सहज निघतो.

पण धागा काढायचं खरं कारण दुसरं आहे. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात तान्ह्या मुलांच्या आया एकत्र बसल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डेकेअरमध्ये माझा अख्खा पगार जातो, मग नोकरी करायची कशाला?" दर वेळी माझा जीव तुटतो. पाळणाघराचं बिल नेहमी आईच्याच पगारातून का वजा करायचं? बाबाही त्याच वेळेत कामावर असतो ना? आणि कर कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. हे खातं त्यांनाच मिळतं जिथे दोघंही काम करतात, काम शोधताहेत किंवा एक जण पूर्णवेळ शिकतोय. खर्च मोजताना दोघांचं उत्पन्न बघतात. म्हणजे हा खर्च दोघांच्या नोकरीचा आहे, हे सरकारी फॉर्मलाही मान्य आहे. आपल्या घरातल्या वहीतही तो तसाच लिहायला हवा.

चालणारे खर्च: १३ वर्षांखालच्या मुलाचं पाळणाघर, प्रीस्कूल, शाळेच्या आधीची आणि नंतरची देखभाल, उन्हाळ्यातला दिवसभराचा कॅम्प, घरी येणारी नॅनी. न चालणारे: किंडरगार्टन आणि त्यापुढच्या वर्गांची शाळेची फी, ट्यूशन, रात्रीच्या मुक्कामाचा कॅम्प. मराठी शाळेची फीही यात बसत नाही, कारण ते शिक्षण आहे, आपण कामावर असतानाची देखभाल नव्हे. कथ्थकच्या क्लासचंही तेच.

ज्यांनी वापरलं आहे त्यांनी अनुभव लिहा. ज्यांना शंका आहेत त्यांनी मोकळेपणाने विचारा.

---

बेएरियाकर | ४ नोव्हेंबर २०२५

फार वेळेवर काढलात धागा. दोन गोष्टींची भर घालतो.

एक म्हणजे ७,५०० ही कायद्याने दिलेली कमाल आहे, कंपनीने ती स्वीकारायलाच हवी असं नाही. काही कंपन्यांच्या योजनेत अजून ५,००० च आहे. एनरोलमेंटच्या पानावर कमाल आकडा किती दिसतो ते बघा आणि जुनाच दिसत असेल तर एचआरला मेल टाका. पाच-सहा जणांनी विचारलं की हलतात.

दुसरी गोष्ट आयटीवाल्यांसाठी. ही योजना फक्त जास्त पगारवाल्यांच्या फायद्याची ठरू नये म्हणून कंपनीला दरवर्षी एक चाचणी द्यावी लागते. २०२६ साठी ज्यांचा २०२५ चा पगार १ लाख ६० हजारांच्या वर होता ते 'जास्त पगारवाले' धरतात. इतर कर्मचाऱ्यांना सरासरीने मिळणारा लाभ या मंडळींच्या लाभाच्या किमान ५५ टक्के असावा लागतो. कमी पगाराचे लोक खात्यात पैसेच टाकत नसतील तर चाचणी फसते आणि कंपनी वरच्या लोकांची मर्यादा कमी करते. आमच्या ऑफिसात असं वर्षाच्या मध्यात झालं, मेल आली आणि कपात बंद. तेव्हा या गटात असाल तर ७,५०० मिळतीलच असं धरून घरचं अंदाजपत्रक आखू नका.

---

शर्वरी | ४ नोव्हेंबर २०२५

बेएरियाकर, हे महत्त्वाचं सांगितलंत. म्हणूनच मी सगळ्यांना म्हणते की दोघांच्याही कंपनीत हे खातं असेल तर ज्याचा पगार कमी त्याच्या नावाने काढा. चाचणीचा प्रश्न बहुधा येत नाही. शिवाय सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के २०२६ मध्ये १ लाख ८४ हजार ५०० पर्यंतच्या पगारावरच कापले जातात. एकाचा पगार त्याच्या वर असेल तर त्याच्या खात्यातून ते ६.२ टक्के वाचतच नाहीत. दुसऱ्याच्या खात्यातून वाचतात. ७,५०० वर ते ४६५ डॉलर होतात. 'लहान' पगार इथे घराला जास्त देतो.

---

मंजिरी_ह्यूस्टन | ५ नोव्हेंबर २०२५

शर्वरी, धागा वाचून लगेच नवऱ्याला दाखवला. आमची दोन मुलं, एक चार वर्षांची आणि एक दीड वर्षाचा. दोघांचं मिळून उत्पन्न ९५,००० च्या आसपास. गेल्या वर्षी ज्यांनी रिटर्न भरून दिलं ते म्हणाले की चाइल्ड केअरचं टॅक्स क्रेडिट (करातून थेट वजा होणारी रक्कम) मिळतं, एफएसए कशाला? मग नक्की काय चांगलं? आणि दोन्ही घेता येतं का?

---

हिशेबनीस | ५ नोव्हेंबर २०२५

मंजिरी, मी टॅक्स रिटर्नचंच काम करते. तुमचा प्रश्न यंदा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण २०२६ पासून उत्तर बदललं आहे. जरा सविस्तर लिहिते.

क्रेडिटसाठी एका मुलामागे ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांमागे ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात. या मर्यादा आहेत तशाच आहेत. बदलले ते टक्के. आतापर्यंत ४३,००० च्या वर उत्पन्न गेलं की सरसकट २० टक्के मिळायचे. २०२६ पासून, जोडीने रिटर्न भरणाऱ्यांना साधारण ४५,००० ते १ लाख ५० हजार या पट्ट्यात ३५ टक्के मिळतील. त्याच्या वर दर ४,००० ला एक टक्का कमी होत होत २ लाखांच्या थोडं पुढे २० टक्क्यांवर येऊन थांबेल. एकट्याने रिटर्न भरणाऱ्यांसाठी ही उतरण ७५,००० पासून सुरू होते आणि दर २,००० ला एक टक्का अशी जाते.

आता तुमचं घर. ९५,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) वजा केलं की तुम्ही १२ टक्क्यांच्या टप्प्यात येता. एफएसएतून तुमचे वाचतील १२ अधिक ७.६५ म्हणजे १९.६५ टक्के. ७,५०० वर साधारण १,४७४ डॉलर. क्रेडिटमधून मिळतील ६,००० चे ३५ टक्के, म्हणजे २,१००. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे तिकडून काही भर पडत नाही. तुमच्यासाठी क्रेडिट चांगलं.

दोन्ही घेता येतं का? एकाच खर्चावर दोन लाभ नाहीत आणि नियम त्याहूनही कडक आहे. एफएसएत टाकलेला प्रत्येक डॉलर क्रेडिटच्या ३,००० किंवा ६,००० च्या मर्यादेतून वजा होतो. खर्च २५,००० असला तरी. एफएसएत ६,००० किंवा जास्त टाकलेत तर क्रेडिट शून्य. पूर्वी ५,००० टाकून उरलेल्या १,००० वर २०० डॉलर क्रेडिट मिळायचं, ते ७,५०० टाकणाऱ्यांना आता मिळणार नाही.

मुलं दोन, पण उत्पन्न १ लाख ४० हजार, २२ टक्क्यांचा टप्पा असं घर असेल तर एफएसए २,२२४ आणि क्रेडिट २,१००. फरक थोडा, पण राज्याचा कर वाचत असेल तर एफएसए स्पष्टपणे पुढे. एकच मूल असेल तर क्रेडिट जास्तीत जास्त १,०५० वर येतं आणि पुरेसा खर्च असलेल्या बहुतेक घरांत एफएसए जिंकतं, १२ टक्क्यांच्या टप्प्यातसुद्धा.

एक लक्षात ठेवा, हे क्रेडिट रिफंडेबल नाही. मुळात कर बसत असेल तरच त्यातून वजा होतं. तुमच्या आकड्यांत अडचण येणार नाही.

---

मंजिरी_ह्यूस्टन | ५ नोव्हेंबर २०२५

हिशेबनीस ताई, इतकं नीट कुणीच समजावलं नव्हतं. मनापासून आभार. आम्ही यंदा एफएसए न घेता क्रेडिट घेऊ.

---

अनुजा | ६ नोव्हेंबर २०२५

मी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे आणि त्यावर नोकरी करते. ईएडीचं नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे. ३० ऑक्टोबरपासून पुढे केलेल्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ सरकारने बंद केली. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर मला काम थांबवावं लागेल. अशा अवस्थेत वर्षभराचे ७,५०० आत्ताच ठरवायचे की नाही? पैसे बुडाले तर? रात्र रात्र हाच विचार चालू असतो.

---

हिशेबनीस | ६ नोव्हेंबर २०२५

अनुजा, काळजी साहजिक आहे, पण या खात्यापुरता मार्ग आहे.

एकदा ठरवलेला आकडा एरवी वर्षभर बदलता येत नाही. पण आयुष्यात काही ठरावीक बदल झाले तर येतो. बाळाचा जन्म, लग्न, घटस्फोट, तुमची किंवा जोडीदाराची नोकरी सुटणं किंवा लागणं. तुमची नोकरी थांबली तर नवऱ्याला त्याच्या योजनेत कपात बंद करता येईल. तुम्हाला पुन्हा काम सुरू करता आलं की पुन्हा सुरू करता येईल. बहुतेक कंपन्या बदल झाल्यापासून ३० दिवसांत कळवायला सांगतात, ती तारीख चुकवू नका. म्हणून तुमच्या बाबतीत खातं नवऱ्याच्या कंपनीत असलेलं बरं.

आता बारकावा. तुम्ही कामावर नसाल त्या महिन्यांतला पाळणाघराचा खर्च या खात्यातून चालत नाही. काम शोधत असाल तर चालतो. पण ज्याला कामाची परवानगीच नाही तो 'काम शोधतोय' असं दाखवणं धोक्याचं आहे. तसं करू नका. शिवाय वर्षभराची करमाफ रक्कम दोघांपैकी ज्याची कमाई कमी त्याच्या कमाईपेक्षा जास्त असू शकत नाही. मार्चपर्यंतच्या पगारात ७,५०० सहज बसतील. खर्च मात्र कामाच्या महिन्यांतलाच हवा.

माझं मत विचाराल तर जानेवारीपासून पूर्ण आकडा लावा आणि मार्चमध्ये काय होतं ते बघून बदला. या खात्यात जेवढे पैसे कापले गेलेत तेवढेच अडकलेले असतात.

---

रेवा | ६ नोव्हेंबर २०२५

मी एच-४ वर आहे आणि मास्टर्स करते, नोकरी नाही. मग आमचं खातं शून्य का?

---

हिशेबनीस | ६ नोव्हेंबर २०२५

नाही रेवा, तुमचंही धरतात. पूर्णवेळ विद्यार्थी असलेल्या जोडीदाराची काल्पनिक कमाई मोजतात. एक मूल असेल तर महिन्याला २५०, दोन किंवा जास्त असतील तर ५००. वर्षातल्या किमान पाच महिन्यांत तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असायला हव्यात. बाराही महिने असाल तर एका मुलासाठी ३,००० आणि दोघांसाठी ६,००० पर्यंत. उन्हाळ्यात कोर्स घेतले नाहीत तर ते महिने सुटतात, त्या हिशेबाने आकडा ठरवा. त्याच महिन्यांत मूल पाळणाघरात असेल तर तो खर्चही धरू नका.

---

गंधार | ७ नोव्हेंबर २०२५

आई-बाबा एप्रिलमध्ये नाशिकहून येताहेत, व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. तेवढे दिवस मुलीला पाळणाघरात पाठवणार नाही, आजी-आजोबांबरोबर घरी राहील. वर्षाच्या मध्ये खर्चच नाही, तर खात्याचं काय करायचं? आणि एका मित्राने सुचवलं की आईलाच महिन्याला पैसे देऊन पावती लाव, नातेवाइकाला पैसे दिले तरी चालतं म्हणे. खरं आहे का?

---

शर्वरी | ७ नोव्हेंबर २०२५

गंधार, पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे. सांभाळणारं माणूस बदललं किंवा खर्च बदलला तर या खात्याचा आकडा बहुतेक योजनांत वर्षाच्या मध्ये बदलता येतो. पाळणाघरातून काढून घरच्यांकडे विनामूल्य ठेवणं हाही त्यात येतो. एप्रिलमध्ये कपात थांबवा, ऑक्टोबरमध्ये मुलगी परत जायला लागली की सुरू करा. आधी एचआरकडून तुमच्या योजनेत ही सोय आहे ना तेवढं विचारून ठेवा.

दुसरं मात्र अजिबात करू नका. नातेवाइकाला पैसे देणं कर कायद्यात चालतं हे खरं. तो तुमचा डिपेंडंट नसावा, तुमचं १९ वर्षांखालचं मूल नसावं, तुमचा जोडीदार किंवा बाळाचा पालक नसावा, एवढ्या अटी. पण तुमच्या आई व्हिजिटर व्हिसावर येणार. त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. तुम्ही फॉर्मवर त्यांचं नाव आणि त्यांना दिलेली रक्कम लिहून सरकारला देणार, म्हणजे त्यांनी इथे काम केलं याचा लेखी पुरावाच. पुढच्या वेळी विमानतळावर त्यांना त्याचं उत्तर द्यावं लागेल. हजार-दोन हजार डॉलरसाठी आईबाबांचं येणं-जाणं पणाला लावू नये.

ग्रीन कार्डवरची आजी असेल, तुमच्या डिपेंडंट म्हणून दाखवलेली नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिला पैसे देता येतात, तिने ते आपल्या उत्पन्नात दाखवायचे.

---

गंधार | ७ नोव्हेंबर २०२५

समजलं. विषय संपला, आईला पैसे द्यायचे नाहीत. कपात थांबवायचं आजच विचारतो.

---

एडिसनकर | ८ नोव्हेंबर २०२५

न्यू जर्सीवाल्यांसाठी. आपलं राज्य ही कपात करमाफ धरत नाही. फेडरल कर वाचतो, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर वाचतं, राज्याचा कर मात्र पूर्ण पगारावर लागतो. डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) राज्याच्या पगाराचा आकडा फेडरलपेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका, कंपनीची चूक नसते. शिवाय न्यू जर्सीचं स्वतःचं चाइल्ड केअर क्रेडिट आहे, दीड लाखापर्यंतच्या उत्पन्नाला. ते फेडरल क्रेडिटवर बेतलेलं आहे. एफएसएत सगळं टाकून फेडरल क्रेडिट शून्य झालं की राज्याचंही जातं. तेव्हा इथल्या लोकांनी हिशेबनीस यांचं गणित राज्याचं क्रेडिट धरून करावं.

---

वेदवती | ८ नोव्हेंबर २०२५

सगळे मुलांबद्दल लिहिताहेत. मला वडिलांबद्दल लिहायचं आहे.

आई गेल्यावर बाबा कायमचे आमच्याकडे आले. त्यांचं ग्रीन कार्ड आहे. गेल्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं. आधी ते दुपारी एकटे राहायचे, वरण-भात गरम करून घ्यायचे, पेपर वाचायचे. मग एकदा गॅस चालू राहिला. एकदा चालत चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले आणि शेजारच्या कोरियन काकूंनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्यानंतर एकटं ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी नोकरी सोडायच्या विचारात होते. घरात तो विषय निघाला तेव्हा माझीच नोकरी सुटणार हे सगळ्यांनी न बोलता धरलं होतं, अगदी शर्वरीने लिहिलंय तसं.

ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं की डिपेंडंट केअर एफएसए फक्त मुलांसाठी नसतं. जो मोठा माणूस स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकत नाही, म्हणजे कपडे, अंघोळ, जेवण जमत नाही किंवा त्याच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून सतत कुणीतरी लागतं, तोही यात बसतो. तो वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्या घरात राहायला हवा आणि त्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करायला हवा. बाबांना थोडं व्याज-भाडं येतं, पण ते उत्पन्न इथे आड येत नाही.

आता बाबा आठवड्याचे चार दिवस ज्येष्ठांच्या डे केअर सेंटरला जातात. अट अशी की बाहेर देखभाल होत असेल तर त्या माणसाने रोज किमान आठ तास तुमच्या घरी घालवले पाहिजेत. म्हणजे संध्याकाळी घरी येणारे बाबा चालतात, नर्सिंग होममध्ये कायम राहणारे चालत नाहीत. सेंटरने राज्याचे नियम पाळलेले असावेत. आम्ही पाठवताना परवाना बघूनच पाठवलं.

पाचव्या दिवशी घरी एक मदतनीस येते, एजन्सीकडून. थेट माणूस ठेवलं तर आपण त्याचे मालक होतो आणि २०२६ मध्ये वर्षाला ३,००० डॉलर किंवा जास्त पगार दिला तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा आपला वाटाही भरावा लागतो. नॅनी ठेवणाऱ्यांनाही हेच लागू. तो वाटाही खर्चात धरता येतो, पण ते कागद सांभाळायची माझ्यात ताकद नव्हती.

मी नोकरी सोडली नाही. बाबा सेंटरमध्ये पत्ते खेळतात. तिथे एक गुजराती आजोबा आहेत, दोघं हिंदीत क्रिकेटवर बोलतात. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर कित्येक महिने कमी त्रासाचे गेले असते. तुमच्या घरात, शेजारात कुणी अशा अवस्थेत असेल तर त्यांना सांगा.

---

शर्वरी | ८ नोव्हेंबर २०२५

वेदवती, तुमच्या पोस्टसाठी वेगळा धागा हवा खरं तर. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आपल्याकडे मुलांच्या पाळणाघराबद्दल तरी बोलतात, आईवडिलांच्या देखभालीच्या खर्चाबद्दल बोलणं कमीपणाचं वाटतं. सेंटरला पाठवलं म्हणजे जबाबदारी टाळली असं नाही. हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

बेएरियाकर | ९ नोव्हेंबर २०२५

वेदवती यांच्या पोस्टला पुस्ती. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील यात सहसा बसत नाहीत, डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा कराच्या दृष्टीने रहिवासी असावा लागतो.

---

मीनल | ९ नोव्हेंबर २०२५

घटस्फोट झालेल्या आयांसाठी लिहिते, आपल्यात कुणी हे उघड विचारत नाही. मुलगा ज्याच्याकडे वर्षातल्या जास्त रात्री राहतो त्यालाच हे खातं वापरता येतं. रिटर्नवर मुलाला डिपेंडंट म्हणून दाखवायचा हक्क करारात वडिलांना दिलेला असला तरी. माझ्या वकिलांनी हे सांगितलं नव्हतं, वाचून शोधावं लागलं. एकट्या पालकालाही पूर्ण ७,५०० ची मर्यादा आहे, निम्मी नाही.

आणि उन्हाळ्याचा कॅम्प विसरू नका. मुलगा शाळेत जायला लागला की अनेक जण खातं बंद करतात. पण शाळा सुटल्यानंतरची देखभाल आणि जून ते ऑगस्टचे दिवसाचे कॅम्प मिळून मोठी रक्कम होते. फुटबॉलचा असो नाहीतर कॉम्प्युटरचा, दिवसाचा कॅम्प असेल तर चालतो. तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसापर्यंत.

---

पिंपळपान | ९ नोव्हेंबर २०२५

पुण्याहून वाचते आहे. आपल्याकडे भारतात मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. खर्चावर करात अशी सूट मात्र नाही. दोन्ही एकत्र मिळायला हवं, असं तुमचा धागा वाचून वाटलं.

---

सई_सिएटल | १० नोव्हेंबर २०२५

आमच्या अपार्टमेंटमध्येच एक ताई चार-पाच मुलं सांभाळतात. मुलगा तिथे रमला आहे, वरण-भात खातो, मराठी बोलतो. पण त्या रोख घेतात आणि टॅक्स नंबर द्यायला तयार नाहीत. काय करू?

---

हिशेबनीस | १० नोव्हेंबर २०२५

सई, नंबराशिवाय अवघड आहे. वर्षाच्या शेवटी रिटर्नला फॉर्म २४४१ जोडायचा असतो, त्यात सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता आणि टॅक्स नंबर लागतो. क्रेडिट घ्या किंवा एफएसए, फॉर्म तोच. नंबर मागण्यासाठी डब्ल्यू-१० नावाचा फॉर्म आहे, तो त्यांना द्या. नकार दिला तर तुम्ही प्रयत्न केल्याची नोंद ठेवून आणि रिटर्नला तसं स्पष्टीकरण जोडून लाभ मागता येतो, पण एफएसए चालवणारी कंपनी पावती किंवा सहीशिवाय पैसे सोडणार नाही.

त्यांच्याशी शांतपणे बोला. त्यांनी उत्पन्न दाखवलं तर त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत वर्षं जमा होतात, म्हातारपणी पेन्शन मिळायला ती लागतात. अशा कितीतरी बायका वर्षानुवर्षं काम करतात आणि त्यांच्या नावावर काहीच जमा नसतं. त्यांच्या व्हिसावर काम चालत नसेल तर मात्र तुम्ही दुसरी सोय बघावी, त्यांच्याही भल्यासाठी.

---

गंधार | ११ नोव्हेंबर २०२५

एचआरचं उत्तर आलं, एप्रिलमध्ये कपात थांबवता येईल. शेवटची शंका. हेल्थ एफएसएसारखे उरलेले थोडे पैसे पुढच्या वर्षी नेता येतात का? आणि पावत्या दर महिन्याला पाठवायच्या का?

---

शर्वरी | ११ नोव्हेंबर २०२५

नाही, तो फरक नीट लक्षात घ्या. हेल्थ एफएसए म्हणजे औषधोपचाराच्या खर्चाचं खातं, ते वेगळं. त्यात २०२६ ला ३,४०० पर्यंत टाकता येतात, पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते आणि योजनेने सोय दिली असेल तर ६८० पर्यंत पुढच्या वर्षी नेता येतात. डिपेंडंट केअरमध्ये जेवढे कापले गेले तेवढेच मिळतात आणि शिल्लक पुढे जात नाही. काही योजना १५ मार्चपर्यंतचा खर्च आधीच्या वर्षाच्या पैशातून करू देतात. पावत्या पाठवायला त्यापुढेही थोडी मुदत असते. दोन्ही तारखा तुमच्या योजनेच्या पुस्तिकेत सापडतील.

पावत्यांसाठी सोपा उपाय म्हणजे 'रिकरिंग क्लेम' विचारा. पाळणाघराची सही असलेला एक फॉर्म वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा, मग दर पगाराला पैसे आपोआप जमा होतात. तुमच्या बाबतीत तो मार्चअखेरपर्यंतचाच भरा आणि ऑक्टोबरमध्ये नवा द्या. आणि लक्षात ठेवा, खर्चाची तारीख म्हणजे देखभाल झाली तो दिवस, तुम्ही चेक दिला तो नव्हे. ऑक्टोबरची जागा राखायला सप्टेंबरमध्ये अनामत भरलीत तर ती मुलगी प्रत्यक्ष जायला लागल्यावरच मागता येईल.